सुटल्यावर खलनायकाने राहायचं कुठे?

धागाकर्ता: शिळोप्या
विभाग: चर्चा

परवा माळा आवरायला चढलो, जुन्या कॉमिक्सचं खोकं सापडलं आणि आवरणं तिथेच संपलं. खालून बायको विचारतेय, शिडी धरू की सोडू? मी वर मांडी ठोकून बसलेला.

खोक्यात 'ॲस्ट्रो सिटी'चे १४ ते २० हे अंक सलग निघाले. १९९८ ते २००० मध्ये आलेली सात अंकांची एकच गोष्ट. लेखक कर्ट ब्युसिक, चित्रं ब्रेंट अँडरसनची. खाली शेवटापर्यंत सगळं सांगणार आहे, ज्यांना स्वतः वाचायचंय त्यांनी सरळ प्रतिसादांवर उडी मारा.

कार्ल डोनेविच, टोपणनाव स्टीलजॅक. वीस वर्षं तुरुंगात काढून सुटलेला. अंगाची कातडी पोलादाची, चकचकीत, आणि ती निघत नाही. बाकीचे खलनायक पोशाख उतरवून खुंटीला टांगतात आणि गर्दीत मिसळतात. याला ती सोय नाही. रस्त्याने चालला की समोरच्या दुकानाच्या पाट्या त्याच्या दंडावर दिसतात. चेहरा रॉबर्ट मिचमवर बेतलेला, तोही उतारवयातल्या: पापण्या जड, खांदे पडलेले, सगळं बघून कंटाळलेला माणूस.

परत येतो तो किफर स्क्वेअरमध्ये, आपल्या जुन्या वस्तीत. ही खलनायकांची वस्ती. ज्वालामुखीतला अड्डा वगैरे काही नाही. थकलेलं भाडं, नवरा आत असलेल्या बाया, नवरा मेलेल्या बाया, आणि बापाचं यंत्र ट्रंकेतून काढून बघणारी पोरं. काम मागायला जावं तर समोरचा आधी त्याच्याकडे बघतो आणि मग दाराकडे. शेवटी काम मिळतं ते वस्तीतच. जुन्या खलनायकांचे एकामागून एक खून पडतायत, पोलिसांना त्याचं सोयरसुतक नाही, तेव्हा शेजारीपाजारी पैसे काढून याला सांगतात, बाबा तू शोध. आपलं डोकं मंद चालतं हे याला स्वतःलाच पक्कं ठाऊक. तरी निघतो.

खुनी निघतो एल ओम्ब्रे, एकेकाळचा नावाजलेला सुपरहिरो. स्वतःच संकट रचायचं आणि स्वतःच शहराला वाचवायचं असा उद्योग करताना तो उघडा पडलेला. आता नाव परत हवंय, तेही एका दणक्यात, अख्ख्या शहरासमोर. त्यासाठी या कफल्लक खलनायकांना भाड्याने घ्यायचं आणि काम झालं की संपवायचं. स्टीलजॅक हे सांगत फिरतो, पण पोलादी चोराचं कोण ऐकणार?

तर दोघांनाही डाग धुवायचाय. एकाला टाळ्यांच्या कडकडाटात. दुसऱ्याला, मला वाटतं, खोलीचं भाडं वेळेवर गेलं तरी चालेल.

माझी जुनी तक्रार आहे. सुधारलेला खलनायक म्हटलं की शेवटच्या दहा मिनिटांत नायकासाठी छातीवर वार झेलतो आणि मरतो. तो सुटला आणि लेखकही सुटला, कारण जगला असता तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला भाड्याची खोली शोधताना दाखवावं लागलं असतं. तुम्हाला असा कुणी आठवतो का, जो मेला नाही आणि कामाला गेला?

---

आगाऊ कार्टा

पहिला! शिडीचं काय झालं ते आधी सांगा.

आणि 'ड्रॅगन बॉल'मधला व्हेजिटा विसरलात? ग्रह नष्ट करत फिरणारा माणूस, बुल्माशी संसार थाटला, सासऱ्याच्या बंगल्यात राहतो, कामधंदा शून्य, दिवसभर व्यायाम. भाड्याचा प्रश्नच मिटला. घरजावई व्हा, सुधारा.

---

शिळोप्या

@आगाऊ कार्टा, शिडी सोडली. वीस मिनिटं वर होतो.

व्हेजिटाला मी कामाला गेलेला धरत नाही. पण त्याच्या बाबतीत एक गंमत आहे. बू या राक्षसाच्या प्रकरणात तो पुन्हा बिघडतो, स्टेडियममधले प्रेक्षक मारतो. पुढे इच्छा पुरवणाऱ्या ड्रॅगनकडे मागणं मागतात, दुष्ट सोडून बाकी सगळे मेलेले जिवंत कर. आणि व्हेजिटा जिवंत होतो! म्हणजे ड्रॅगनने चारित्र्य पडताळणीचा दाखलाच दिला की. हेलपाटे नाहीत, फी नाही.

---

लोकल लेट

मस्त धागा. माझं मत सँडमॅनला, म्हणजे स्पायडरमॅनच्या वाळूच्या अंगाच्या वैऱ्याला.

१९८१ मध्ये तो आणि पाण्याच्या अंगाचा हायड्रो-मॅन एकमेकांत मिसळतात आणि दोघांचा मिळून चिखल होतो. खरोखरचा चिखल, चालणारा, बुद्धी जवळजवळ गेलेला. त्यातून सुटल्यावर तो हादरलेला असतो. १९८२ मध्ये 'मार्व्हल टू-इन-वन'च्या ८६व्या अंकात दगडी अंगाचा हिरो थिंग त्याला शोधत एका बारमध्ये येतो. आता हाणामारी होणार म्हणून आपण पान उलटतो, तर दोघं बिअर मागवून बसतात. अंकभर गप्पा. लहानपण, चुका, कंटाळा. शेवटी थिंग उठतो आणि त्याला पकडत नाही. बस्स. माझ्या मते मार्व्हलमधला सगळ्यात मोठा पराक्रम हा.

पुढे हा माणूस खरंच कामाला जातो. सिल्व्हर सेबलच्या भाडोत्री पथकात पगारी नोकरी करतो, १९९१ मध्ये ॲव्हेंजर्सच्या राखीव यादीतही लागतो. आणि १९९९ मध्ये नव्या लेखकांना तो पुन्हा वाईटच हवा झाला! सतरा वर्षांची चांगली वागणूक एका यंत्राच्या झोतात पुसून टाकली. खलनायकाला सुधारू न देणारा खरा खलनायक संपादकाच्या खुर्चीत बसलेला असतो, असं माझं पक्कं मत आहे.

---

भोसरीकर

कॉमिक्स वाचत नाही, मुलगा वाचतो. माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे म्हणून एक तांत्रिक शंका. हा गडी स्टेनलेसचा आहे की क्रोम प्लेटिंगचा? प्लेटिंग असेल तर एक खोल ओरखडा पुरे, आतून गंज धरणार. आणि पोलादाचा माणूस म्हणजे वजन किती? साध्या लाकडी जिन्याने कसा चढतो?

---

शिळोप्या

@भोसरीकर, अंगभर पोलाद एवढंच सांगितलंय, ग्रेड दिलेली नाही. :) वजनाची अडचण मात्र होतेच. पाण्यात पडला तर बुडणार आणि तळावरून चालत यावं लागणार, असा प्राणी.

---

खडीसाखर

ऱ्हायनोचं नाव कुणीच कसं घेतलं नाही? अलेक्सेई सित्सेविच. १९६६ पासून स्पायडरमॅनच्या मालिकेतला मठ्ठ रेडा. म्हणजे गेंडा.

मी सांगतेय ती गोष्ट २०१० च्या सुमाराची, अंक ६१७ आणि ६२५. याच्याही अंगाला ते गेंड्याचं कातडं चिकटलेलं होतं. पण याने शिक्षा भोगली, ते कातडं काढून घेतलं, कॅसिनोत सुरक्षारक्षकाची नोकरी धरली आणि ओक्साना नावाच्या बाईशी लग्न केलं. इथवर स्टीलजॅकपेक्षा नशीबवान. मग एक नवा ऱ्हायनो उगवतो, जास्त ताकदवान. जुन्याला मारल्याशिवाय हे नाव आपलं होत नाही म्हणून तो आव्हान देतो. बायको हात जोडते, स्पायडरमॅन विनवतो, आणि अलेक्सेई लढत नाही. सगळ्यांसमोर मान खाली घालून उभा राहतो. ६१७ संपतो तेव्हा मला वाटलं होतं, जिंकला हा.

६२५ मध्ये नवा ऱ्हायनो परत येतो. ओक्साना मरते. अलेक्सेई जुनं कातडं पुन्हा चढवतो, त्याला ठार करतो, आणि मग अलेक्सेई उरतच नाही.

तेव्हा मी होस्टेलवर होते. पीडीएफ बंद करून मेसला गेले आणि जेवले नाही. शिळोप्या म्हणतात तसं मारून मोकळं होणारे लेखक वेगळे. इथे लेखकाने त्याला जिवंत ठेवलं आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ पण दाखवली. बायकोचा बळी देऊन नवऱ्याची गोष्ट पुढे ढकलायची ही खोड मात्र मला अजिबात पटत नाही. ओक्साना कोण होती हे दोन अंकांत कितीसं कळलं?

---

मंद्रसप्तक

एवढं लांब जायला कशाला हवं? आपला वाल्या कोळी आहे की. खुनामागे एक खडा टाकून सात रांजण भरले, तरी वाल्मीकी झालाच. आपल्या संस्कृतीने सुधारायची वाट कधी बंद केली नाही.

---

श्रावस्ती

@मंद्रसप्तक, वाल्याची सोय अशी की तो वारुळात बसला. बाहेर आला तो थेट ऋषी होऊन. मधल्या काळात त्याला कुणाच्या दारात उभं राहावं लागलं नाही.

अंगुलिमालाला राहावं लागलं. आमच्याकडे ही गोष्ट लहानपणी विहारात ऐकलेली, पण ती बहुतेक वेळा बुद्ध भेटतात तिथेच संपवतात. 'मी केव्हाच थांबलो, तू थांब', शस्त्र फेकलं, संपलं. सुत्त पुढेही आहे. मज्झिम निकायातलं ८६वं. धाग्याच्या विषयाला धरून सांगायचं तर हा शक्तिमान खलनायक पण आहे. धावता हत्ती, घोडा, रथ, हरीण, काहीही पळत जाऊन गाठायचो असं तो स्वतः म्हणतो. आणि त्या दिवशी शांतपणे चालणारा एक श्रमण त्याला गाठता येईना.

भिक्खू झाल्यावर प्रसेनजित राजा पाचशे घोडेस्वार घेऊन त्याला पकडायला निघतो. वाटेत बुद्धांकडे थांबतो. बुद्ध विचारतात, तो मुंडन करून शीलाने राहताना दिसला तर काय करशील? राजा म्हणतो, वंदन करीन, चीवर-भोजन देईन. मग बुद्ध हात करून दाखवतात, तो बघ. राजाच्या अंगावर काटा येतो. तरी राजा शब्दाला जागतो. सरकार दरबारी प्रश्न मिटला.

गावात मिटत नाही. श्रावस्तीत भिक्षेला गेला की कुणी ढेकूळ मारतं, कुणी काठी, कुणी खापर. एक दिवस परत येतो तो डोकं फुटलेलं, रक्त वाहतंय, भिक्षापात्र फुटलेलं, संघाटी (वरचं चीवर) फाटलेली. बुद्ध त्याला एवढंच म्हणतात, सहन कर. जे कर्म हजारो वर्षं नरकात भोगावं लागलं असतं ते तू इथेच भोगतोयस.

हत्तीला पळत गाठणारा माणूस ढेकळं चुकवू शकला नसता का? तो चुकवत नाही. मला सुत्तातली तीच जागा सगळ्यात अवघड वाटते. भाड्याची खोली, फुटलेलं पात्र, एकच की.

---

काळा डगला

चर्चा सुंदर चालली आहे, पण फौजदारीत वकिली करतो म्हणून मिठाचा खडा टाकतो. मेलेल्यांचं काय? श्रावस्तीत ढेकूळ मारणारी एखादी म्हातारी असेल, तिच्या मुलाचं बोट त्या माळेत असेल. तिने का म्हणून सहन करायचं?

याच कारणासाठी मला 'थंडरबोल्ट्स' आवडतं. २०२५ चा सिनेमा म्हणत नाहीये, मूळ कॉमिक, एप्रिल १९९७, पुन्हा ब्युसिकच. नवे हिरो म्हणून लोक ज्यांना डोक्यावर घेतात ते वेषांतर केलेले जुने खलनायक निघतात, हे पहिल्याच अंकाच्या शेवटी कळतं. सोंग आणता आणता काहींना ते सोंगच आवडायला लागतं. पुढे ॲव्हेंजर्समधला हॉकआय त्यांचा म्होरक्या व्हायला तयार होतो, पण एका अटीवर. त्यांच्यातल्या बीटलच्या नावावर खून आहे, त्याने आधी जाऊन शिक्षा भोगायची. आणि तो जातो! हॉकआयला हे बोलायचा अधिकारही आहे, कारण १९६४ मध्ये तो स्वतः खलनायक म्हणूनच आला होता. उलट एक्स-मेनचा वैरी मॅग्नेटो: १९८५ मध्ये पॅरिसला खटला उभा राहतो, निकालाआधीच फिसकटतो आणि साहेब थेट एक्स-मेनच्याच शाळेचे मुख्याध्यापक. हे म्हणजे फारच झालं.

अवांतर: अमेरिकन पॅरोल म्हणजे उरलेली शिक्षा बाहेर राहून काढणं. आपल्याकडची अभिवचन रजा म्हणजे रजाच, मुदत संपली की परत आत. इंग्रजी मालिका बघून पक्षकार गल्लत करतात.

---

माणदेशी

शिक्षाही चालू आणि संसारही चालू, असं आमच्या आटपाडीजवळ आहे. स्वतंत्रपूर. १९३९ साली औंध संस्थानात सुरू झालेली कैद्यांची वसाहत. भिंत नाही. कैदी बायकापोरांसह राहतात, शेती करतात. मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या इंजिनिअरची कल्पना, आणि औंधच्या पंतप्रतिनिधींनी ती चालू द्यायचं धाडस दाखवलं. शांतारामबापूंचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' यावरूनच. कथा गदिमांची, आणि ते आमच्याच माणदेशातले.

पण बघा, सिनेमात शेवटी जेलर मरतो. कुणीतरी मेल्याशिवाय भागतच नाही, शिळोप्यांची तक्रार खरी.

---

सोलापुरी

गेले दोन दिवस नुसता वाचत होतो. लिहू की नको करत होतो.

तुमच्या स्टीलजॅकने निदान काहीतरी केलं होतं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या. माझे आजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमधले, म्हणजे अशा जमातींना डांबायच्या वसाहतीतले. आम्ही अजून सेटलमेंटच म्हणतो. काटेरी तारेचं कुंपण, आणि हजेरी. रात्री हजेरीच्या वेळी नाव पुकारलं की 'हाजीर' म्हणायचं. कायदा १९५२ साली गेला. ३१ ऑगस्टला आम्ही विमुक्त दिन पाळतो. आजोबा त्यानंतर खूप वर्षं जगले. म्हातारपणी ऐकू कमी यायचं, पण कुणी पूर्ण नावाने हाक मारली की उठून उभे राहायचे आणि 'हाजीर' म्हणायचे. आम्ही पोरं मुद्दाम हाक मारून हसायचो. काय कळत होतं आम्हाला.

पोलादी कातडीचं चित्र बघितलं आणि ते आठवलं, म्हणून लिहिलं. वरच्यांच्या चर्चेला विरोध नाही.

---

खडीसाखर

@सोलापुरी, लिहिलंत ते बरं केलंत. यावर स्वतंत्र धागा काढाल का?

---

भोसरीकर

सोलापुरींचं वाचून मलाही एक सांगावंसं वाटतंय.

माझ्याकडे एक वेल्डर होता, चाळिशीचा. अकरा वर्षं आत काढून आलेला. कशासाठी ते मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही, ज्यांनी आणला त्यांनी एवढंच सांगितलं की भांडणातून झालं. आर्गन वेल्डिंगचं काम असं करायचा की बीड, म्हणजे सांध्याची रेघ, बघून वाटावं शिवणयंत्राची टीप आहे. हात जराही हलत नसे. पण लघवीला जायचं तर माझ्या केबिनच्या दारात येऊन उभा. 'साहेब, जाऊ का?' पहिल्या आठवड्यात मी सांगितलं, अरे विचारायचं नाही. मान हलवली. दुसऱ्या दिवशी परत दारात. सहा महिने विचारत होता. डबा पाच मिनिटांत संपवायचा, पाठ भिंतीला लावून. आणि संध्याकाळी शटर ओढायच्या आत तो रस्त्याच्या पलीकडे गेलेला असायचा. शटर खाली येतानाचा आवाज त्याला सोसत नसे, हे मला उशिरा कळलं.

मग एका गिऱ्हाईक कंपनीने गेटमधून आत येणाऱ्या प्रत्येक कामगाराची पोलीस पडताळणी मागितली. याचा कागद कुठून आणणार? त्याला साइटवर न्यायचं बंद केलं, वर्कशॉपमध्येच ठेवला. तेवढ्याने बाकीच्या पोरांना काय कळायचं ते कळलं. डबे वेगळे झाले.

आणि एक दिवस अँगल ग्राइंडर सापडेना. चार इंची, नवा. मी त्याच्यावर आळ घेतला नाही, देवाशपथ नाही. कुणाला एक शब्द बोललो नाही. पण संध्याकाळी सगळे निघताना माझी नजर त्याच्या पिशवीवर गेली. क्षणभर गेली असेल. त्याने ती पाहिली. थांबला, पिशवी टेबलावर ठेवली, चेन उघडली आणि दोन पावलं मागे जाऊन हात सोडून उभा राहिला. झडती देताना उभे राहतात तसा. आत डबा, टॉवेल आणि कसलीशी गोळ्यांची पट्टी. मी 'अरे, हे काय' वगैरे बोललो. तो 'ठीक आहे साहेब' म्हणाला.

सोमवारी आला नाही. मंगळवारी येऊन हिशेब घेतला, लॉकरची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि गेला. गुरुवारी ग्राइंडर आला. दुसऱ्या एका पोराने घरचं गेट कापायला नेला होता, सांगायचं राहिलं म्हणाला. त्या पोराला मी शिव्या घातल्या. तो अजून माझ्याकडे कामाला आहे.

काळा डगला म्हणतात तेही बरोबर. याच्या हातून जो मेला त्याच्या घरच्यांना हे वाचून काय वाटेल, मला माहीत नाही.

---

काळा डगला

@भोसरीकर, काही बोलत नाही. नंतर त्याला शोधलंत?

---

भोसरीकर

ज्यांनी आणला होता त्यांना फोन केला. नंबर बदललाय म्हणाले. तिथे मीही सोडून दिलं.

---

लोकल लेट

थिंगचा तो अंक आज परत काढून वाचला. बिअरची बाटली मागवायला थिंगला काहीच अडचण नाही, कारण तो स्वतः दगडाचा आहे. बारमधले बाकीचे लोक त्या दोघांपासून लांबच बसले असणार, हे आत्ता डोक्यात आलं.

---

आगाऊ कार्टा

मी इथे टवाळी करायला आलो होतो. असो.

@भोसरीकर काका, तो लॉकर अजून रिकामा आहे का?

---

भोसरीकर

नाही रे. माणसं वाढली, दिवाळीत दुसऱ्याला दिला. किल्लीवर त्याने सुतळी बांधली होती, ती तशीच आहे.

@शिळोप्या, ते सात अंक वाचायला द्याल का? पिंपरी-चिंचवडात असाल तर मी येऊन घेऊन जातो. मुलगा म्हणतो इंग्रजी अवघड नाही.

---

शिळोप्या

निगडीला राहतो. रविवारी सकाळी या, व्यनि करतो. खोकं अजून माळ्यावरच आहे, येताना शिडी धरायला तुम्हीच लागाल.